दुधाचे दात किडलेत. एक डॉक्टर म्हणतो पडतील, दुसरा म्हणतो भूल देऊन करू. काय करावं?

दुसरी_पाळी
रविवार, रात्री १२:४०

नमस्कार मंडळी. दोन वर्षं इथे नुसता वाचतोय, लिहायची वेळ आज आली.

चाकणला एका कंपनीत आहे, पाळ्या फिरत्या, या आठवड्यात दुसरी. बायको राजगुरुनगरला पतसंस्थेत. लेक दोन वर्षं आठ महिन्यांची, घरात तिला चिमी म्हणतात. दिवसभर ती माझ्या आईकडे असते. आई बासष्टची, गुडघे दुखतात, तरी पोरीमागे धावते. हे आधीच सांगतो, कारण पुढचं वाचून कुणी तिला बोल लावू नये.

परवा गुरुवारी चिमीला पेरूची फोड दिली. एक घास घेतला आणि भोकाड पसरलं. बघतो तर फोडीत पांढरं काहीतरी रुतलेलं. मला वाटलं बी असेल. दाताचा तुकडा होता तो. मोबाइलचा टॉर्च लावून तोंडात बघितलं, तर वरचे पुढचे चारही दात हिरडीपाशी तपकिरी, उंदरानं कुरतडल्यासारखे. दोन दाढांवर काळे खड्डे. खालचे पुढचे दात मात्र घासून पालथ्या घातलेल्या वाट्यांसारखे लख्ख. एकाच तोंडात वर एक आणि खाली एक, हे कसं काय?

गावातल्या दातांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाले, "दुधाचेच आहेत, पडायचेच आहेत. दुखायला लागले तर काढून टाकू." शनिवारी पुण्याला लहान मुलांच्या दातांच्या डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, आठ दात धरलेत, एवढं लहान पोर खुर्चीत बसणार नाही, पूर्ण भूल देऊन एकाच दिवसात सगळं करू, ८५ हजार. कंपनीच्या विम्यात दात बसत नाहीत, एचआरला विचारून झालं. बायको बाहेर येऊन जिन्यातच बसली.

घरचा प्रकार लपवत नाही. बाटली अजून सुटलेली नाही. रात्री साखर घातलेलं दूध, एकदा झोपताना आणि मधे दोनदा तरी. मी पावणेबाराला घरी येतो तेव्हा बाटली तिच्या तोंडातच असते. दुपारी आईच्या चहात बुडवून ग्लुकोजची बिस्किटं, कारण त्याशिवाय ती आईला भाकरी थापू देत नाही. ब्रश आहे, कार्टूनचा, ती चावत बसते. आई स्वतः मशेरी लावते, सकाळ-संध्याकाळ ओट्यावर बसून. चिमी शेजारी बसून बोटानं नक्कल करते. एकदा तिला डबीत बोट घालताना पकडलं.

आईचं म्हणणं, "आरं, तुझंबी असंच व्हते. पडले आन् नवे आले. डाक्टरला पैसं पायजेत." तिला काही बोलायला गेलो तर दोन दिवस जेवत नाही. बायको म्हणते बोलायलाच हवं. मी मधे.

दात काढावेत, भूल द्यावी, की थांबावं? आणि आईला कसं सांगावं? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी दिलंत तरी चालेल.


मुंगी_साखरेची
सोमवार, सकाळी ७:०५

दादा, जिन्यात बसलेल्या वहिनींना सांगा, त्या जिन्यात मीही बसून आले आहे. माझा धाकटा सव्वादोनचा असताना वरचे दोन दात गेले. उपचाराचं तज्ज्ञ लोक सांगतील, मी बाटली कशी सोडवली तेवढं सांगते.

एका रात्रीत बंद करायला गेलो तर घर डोक्यावर घेतं पोर, आणि तिसऱ्या रात्री आपणच हरतो. आम्ही आधी साखर बंद केली, चमचा, अर्धा, पाव, असं करत आठवडाभरात. मग दर दोन रात्रींनी बाटलीतलं दूध थोडं कमी आणि पाणी तेवढं जास्त. बारा-तेरा दिवसांत बाटलीत नुसतं पाणी राहिलं. एका रात्री त्यानेच ती भिरकावली. दूध बंद केलं नाही हं, ते संध्याकाळी सातला जेवणाबरोबर पेल्यातून. नंतर दात घासायचे, आणि त्यानंतर सकाळपर्यंत फक्त पाणी.

घासायची पद्धत मला एका डॉक्टरीण बाईंनी शिकवली. दोन माणसांनी गुडघ्याला गुडघा लावून समोरासमोर बसायचं, पोराला मधे आडवं घ्यायचं. डोकं एकाच्या मांडीवर, पाय दुसऱ्याच्या कमरेला, हात त्यानेच धरायचे. डोक्याकडच्याने ओठ वर करून घासायचं. एकटे असाल तर जमिनीवर मांडी घालून त्यात डोकं घ्या. पहिले आठ दिवस शेजारीण "काय झालं गं?" विचारायला येते, इतकं रडणं असतं. रडताना तोंड उघडं असतं, घासून घ्यायचं. चांगलं निभतं त्यातही.


कट्ट्यावरचा_बाळू
सोमवार, सकाळी १०:२०

आमच्या वेळी राखुंडी आणि कडुलिंबाची काडी, डॉक्टर कोणी बघितला होता? दुधाच्या दातांना ८५ हजार म्हणजे लूट आहे. पडणाऱ्या दातांवर पैसे घालणं म्हणजे पाडायच्या घराला रंग देणं. गावाकडे माझी आत्या कानात धुरी देऊन दातातले किडे पाडायची. वाटीत पडलेले किडे या डोळ्यांनी बघितलेत.


चौथी_दाढ
सोमवार, दुपारी ३:१५

मी बालदंतवैद्य आहे, कोल्हापुरात. न बघता चिमीचं निदान करणार नाही, पण बापाने टॉर्च लावून निम्मं काम केलेलं आहे.

वर किडले आणि खाली लख्ख, हीच बाटलीच्या किडीची खूण. बाळ बाटली चोखतं तेव्हा जीभ पुढे येऊन खालच्या दातांवर पसरते, झाकणच म्हणा. लाळेच्या ग्रंथीही जिभेखाली उघडतात, म्हणजे खालचे दात सतत धुतले जातात. दूध साचतं ते वरच्या दातांच्या मागे-पुढे. झोपेत लाळ जवळजवळ आटते. जागेपणी लाळ अर्ध्या-पाऊण तासात तोंडातलं आम्ल निववते, रात्री ते काम कुणी करत नाही. तोंडातले जंतू साखर खाऊन आम्ल करतात, पीएच, म्हणजे आम्लाचं माप (आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त), साधारण ५.५ च्या खाली गेला की दातातला चुना विरघळायला लागतो. दुधाच्या दाताचं कवच कायमच्या दाताच्या जेमतेम निम्म्या जाडीचं. म्हणून आज ठिपका आणि चार महिन्यांनी खड्डा.

किडीला साखर किती यापेक्षा किती वेळा हे महत्त्वाचं. दुपारी जेवणाबरोबर वाटीभर शिरा खाल्ला तर दातांवर एक हल्ला. तीनच बिस्किटं, पण तासातासाला एक, म्हणजे तीन हल्ले, आणि बिस्किटाचा लगदा दाढेच्या खाचेत बसून राहतो तो वेगळाच. पालक मला "चॉकलेट अजिबात देत नाही हो" असं छातीठोक सांगतात आणि पर्समधून क्रीमचं बिस्किट काढतात.

बाळूभाऊ, तुमच्या आत्याने दिलेली धुरी बहुतेक रिंगणीच्या बियांची असणार. ते बी तापलं की फुटतं आणि आतला पांढरा कोंब वळवळल्यासारखा बाहेर येतो. वाटीत दिसतो तो तो. दातात अळी नसते. जंतू असतात, आणि ते बाळाला बरेचदा घरातल्या मोठ्यांच्या लाळेतून मिळतात, चमचा चाखून भरवणं, बाटलीचं बूच तोंडाने साफ करणं वगैरे. म्हणून मी आईबापांना आणि आजीलाही म्हणते, आधी तुमच्या दाढा भरून घ्या.

आता "पडणारच" बद्दल. पुढचे दात सहा ते आठ वर्षांपर्यंत पडतात, खरं. पण दुधाच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत राहतात. चिमी तीनचीही नाही. तिला त्या दाढांवर आणखी सात-आठ वर्षं भाकरी चावायची आहे. दाढ अवेळी काढली तर सहाव्या वर्षी मागे येणारी कायमची दाढ पुढे सरकते, जागा खाते, मग बाराव्या वर्षी तारा लावा. दुर्लक्ष केलेल्या दाताखाली पू झाला तर खाली तयार होत असलेल्या कायमच्या दाताच्या कवचावरही डाग राहू शकतो. पुढचा दात गेला तर जागेचा एवढा घोळ होत नाही, दिसण्याचा आणि बोलण्याचा थोडा होतो.

पुण्याच्या डॉक्टरांना लुटारू म्हणू नका. एवढ्या लहान मुलाचे आठ दात खोल गेलेले असतील, दुखत असतील, तर भूल हाच कधी कधी सगळ्यात माणुसकीचा मार्ग असतो. पण प्रत्येक आठ दातांना ती लागतेच असं नाही. दुसरं मत घ्या आणि हे विचारा: एक्स-रेमध्ये नेमक्या किती दातांची कीड आतल्या नसेला पोचली आहे? बाकीच्यांची कीड थांबवून ठेवता येईल का? भूल द्यायचीच तर कुठल्या रुग्णालयात, आणि भूलतज्ज्ञाला लहान मुलांचा अनुभव किती?

थांबवून ठेवणं म्हणजे काय ते सांगते. सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड नावाचं औषध असतं, ३८ टक्क्यांचं. दात कोरडा करून थेंबभर लावायचं. सुई नाही, मशीन नाही, मिनिटाचं काम. कीड तिथेच टणक होऊन बसते. दर सहा महिन्यांनी पुन्हा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. एकच गोष्ट आधी सांगावी लागते, किडलेला भाग कोळशासारखा काळा होतो आणि तसाच राहतो. दात आतून सडलेला असेल, हिरडीवर पुळी असेल, तर हे चालत नाही. दाढांसाठी स्टीलच्या टोप्या असतात. नस शाबूत असेल तर न कोरता, सुई न देता दाबून बसवता येतात, कीड आत कोंडली जाते आणि उपाशी मरते. चार-आठ दिवस चावताना उंच लागतं, मग मूल विसरून जातं.

चेहरा सुजला, ताप आला, गाल गरम लागला, तर यातलं काही वाचत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

आणि इथे बाळं असलेले जे जे वाचत असतील त्यांना: महिन्यातून एकदा वरचा ओठ उचलून हिरडीच्या कडेला बघा. खडूसारखी पांढरी रेघ दिसली तर ती किडीची पहिली पायरी. त्या पायरीवरून परत फिरता येतं. पहिला दात साधारण सहाव्या महिन्यात येतो, तेव्हापासून घासायचं, आणि पहिल्या वाढदिवसापर्यंत एकदा दातांच्या डॉक्टरांना दाखवायचं. माझ्याकडे पहिल्या वाढदिवसाला येणारी मुलं बोटावर मोजण्याइतकी. बाकीची रात्री दोनला रडून सकाळी येतात.


निवृत्त_बाई
सोमवार, रात्री ९:३०

डॉक्टरांनी पहिल्या प्रश्नाचं उत्तर दिलं. दुसरा माझ्या वाट्याचा, कारण मी त्याच बाजूची आहे. नाशिकला असते, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते, आता नातू सांभाळते.

तुमच्या आईला हे ऐकू येतं: "तू माझी पोर बिघडवलीस." तुम्ही कितीही गोड बोला, तिला तेच ऐकू येणार. दिवसभर ती पोरीमागे, संध्याकाळी सून येते आणि म्हणते बिस्किट का दिलं. म्हातारं माणूस भांडत नाही, जेवण सोडतं. माझ्या सुनेने मला एकदा मोबाइलवर व्हिडिओ दाखवला, दातांवरचा, काही न बोलता. मी दोन दिवस तिच्या हातचा चहा घेतला नव्हता. आज हसू येतं.

सांगू नका. तिला सोबत न्या. डॉक्टरांच्या खोलीत सुनेला बाहेर बसवा, आजीला आत. डॉक्टरांना आधी फोन करून सांगा की आजीशी बोला, तिच्याकडून सगळं विचारून घ्या. आणि बाहेर आल्यावर तिला काम द्या. "आई, रात्रीचं घासणं तुझ्याकडे. मी कामावर असतो, हिला चिमी दाद देत नाही." बघा मग. माझ्याकडे नातवाचं ब्रश करणं आल्यापासून सूनसुद्धा विसरली तर मी ओरडते.

बिस्किटाला पर्याय घरातलाच द्या. आजीला पॅकेट नको म्हणालात तर ती द्यायचं काय हे विचारणारच. भाकरीचा पापुद्रा, चुरमुरे, काकडीची लांब फोड, उकडलेल्या शेंगांचे दाणे कुस्करून (अख्खे नकोत, घशात अडकतात). माझा नातू लोण्याचा गोळा लावलेल्या भाकरीवर अर्धा तास काढतो.

मशेरीचं मात्र स्पष्ट बोला, तिथे भीड नको. भाजलेला तंबाखूच तो. तंबाखू घातलेली दंतमंजनं सरकारने १९९२ मध्येच बंद केली, पण घरच्या तव्यावर कोण बंदी घालणार? माझ्या आईची मशेरी पन्नास वर्षांनी सुटली नाही. तुमच्या आईचीही आठवड्यात सुटणार नाही. पण डबी फळीवर जाऊ शकते आणि पोरीसमोर लावणं बंद होऊ शकतं.


कट्ट्यावरचा_बाळू
मंगळवार, सकाळी ८:५०

बियांचं पटलं. आत्याला सांगायची सोय नाही, ती गेली. पण डॉक्टर, फ्लोराइड विष आहे असं सगळीकडे फिरतंय. ट्यूबवरच लिहिलेलं असतं लहान मुलांनी गिळू नये. आणि तुम्ही तेच दोन वर्षांच्या पोरीला लावा म्हणता?


सेविका_पांढरकवडा
मंगळवार, दुपारी १:४०

मी यवतमाळ जिल्ह्यात अंगणवाडी सेविका आहे, अठरा वर्षं झाली. बाळूभाऊचा प्रश्न आमच्याकडे रोजचा आहे, म्हणून लिहून राहिले.

आमच्या भागात बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त. मोठ्या पोरांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे, काही म्हाताऱ्यांची कंबर वाकलेली, गुडघे वाकडे. माझ्या स्वतःच्या पुढच्या दातांवर डाग आहेत, लग्नाच्या फोटोत तोंड मिटून बसले होते. गावातल्या एका हापशीला लाल रंग मारून ठेवलाय, पिऊ नका म्हणून. उन्हाळ्यात नळ आला नाही की लोक तीच हापसतात. बाया म्हणतात, उकळून पितो ना. आता उकळून फ्लोराइड जात नाही बाप्पा, पाणी आटलं की उलट दाट होते. हे मलाही प्रशिक्षणातच समजलं.

पण गंमत अशी, त्याच गावात दीड-दोन वर्षांच्या लेकरांचे पुढचे दात किडलेले. पाण्यात फ्लोराइड आहे म्हणून कीड होत नाही असं नाही. चहा-टोस्ट सकाळी, दुपारी पाच रुपयांचं रंगीत पाकीट, आई कापूस वेचायला गेलेली, थोरली बहीण सहा वर्षांची, ती सांभाळते. तिला काय सांगू, ब्रश कर म्हणून?

आम्ही अंगणवाडीत एक केलं. खिचडी झाली की सगळ्यांनी पेलाभर पाणी घेऊन तोंड खळखळून धुवायचं, रांगेत, बाहेरच्या चाफ्याच्या झाडाला. ब्रश प्रत्येकाचा ठेवायला गेले होते, उंदरांनी नेले. पाणी तरी होते. आरबीएसकेची, म्हणजे लेकरांच्या सरकारी आरोग्य तपासणीची, गाडी वर्षातून दोनदा अंगणवाडीत येते, त्यातले डॉक्टर दातही बघतात आणि चिठ्ठी देतात. चिठ्ठी घेऊन पुढे जाणारे कमी. एक मजुरी बुडते.


चौथी_दाढ
मंगळवार, रात्री १०:०५

ताई, चाफ्याच्या झाडाचं वाचून बरं वाटलं.

बाळूभाऊ, प्रश्न रास्त आहे. फ्लोराइड मिठासारखं समजा, भाजीला चिमूट आणि वाटीभर यात फरक. भारतात पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत ठीक मानतात, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत. त्याहून जास्त पाणी वर्षानुवर्षं पोटात गेलं की ताईंनी सांगितलं ते होतं. डाग येतात ते मुख्यतः कायमच्या दातांवर, कारण ते हिरडीच्या आत तयार होत असताना फ्लोराइड रक्तातून पोचतं. पेस्टचं काम वरून असतं, विरघळू लागलेल्या कवचावर पुन्हा थर बसवायचं.

तीन वर्षांच्या आत तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट. दाणा म्हणजे दाणा, बासमतीसुद्धा नको, आपला आंबेमोहोर. तीन ते सहा वर्षांत वाटाण्याएवढी. जाहिरातीत ब्रशभर लाट दाखवतात ती पेस्ट विकायला. दाण्याएवढी पोटात गेली तरी बिघडत नाही. ट्यूब मात्र पोराच्या हाती देऊ नये, बाळूभाऊ म्हणतात ती सूचना त्यासाठी. आपल्याकडच्या पेस्टमध्ये जास्तीत जास्त १००० पीपीएमची परवानगी आहे. लहान मुलांच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या काही पेस्टमध्ये फ्लोराइड अजिबात नसतं, काहींत निम्मंच, तेव्हा चित्र न बघता मागचा बारीक मजकूर वाचा. पाण्यात फ्लोराइड जास्त असलेल्या गावात मी आधी पाण्याची तपासणी विचारते, मग पेस्ट ठरवते.

राखुंडी आणि कोळसा दात घासत नाहीत, खरवडतात. आणि सात-आठ वर्षांपर्यंत ब्रश मोठ्यांनीच करायचा. ज्या पोराला बुटाची नाडी बांधता येत नाही त्याला मागच्या दाढा घासता येत नाहीत.


दुसरी_पाळी
तीन आठवड्यांनी, शनिवार, दुपारी ४:२०

उशीर झाला, माफी. सगळ्यांचं वाचलं, दोनदा. बायकोने तिसऱ्यांदा मला वाचून दाखवलं, तेही ठरावीक ठिकाणी आवाज चढवून.

पिंपरीच्या बाजूला एका दंत महाविद्यालयात गेलो, लहान मुलांचा वेगळा विभाग असतो हे माहीतच नव्हतं. आईला सोबत नेलं, निवृत्त बाई म्हणाल्या तसं. मॅडमनी आईला आत घेतलं आणि वीस मिनिटं बोलल्या. आई बाहेर आली ती गप्प. गाडीत बसल्यावर म्हणाली, "त्या पोरीनं माझ्या बी दाढा बघितल्या. फुकट."

एक्स-रे निघाले. पुण्याच्या डॉक्टरांनी मोजलेले आठ बरोबरच होते, पण त्यातले चार सुरुवातीचे. त्यांना नुसतं फ्लोराइडचं वार्निश, म्हणजे वरून लेप. दोन दाढांना टोप्या बसल्या, न कोरता. मांडीवर घेऊन बसलो होतो, रडली, पण दहा मिनिटांत झालं. आता ती सगळ्यांना "चांदीची दाढ" दाखवत फिरते. पेरूवाला दात आतून गेला होता, तो काढावा लागला, हिरडीपुरती सुई देऊन. ते मात्र वाईट होतं, लिहीत नाही. त्याच्या शेजारच्या दाताला काळं औषध. त्यावरून आमचं भांडण झालं. बायको म्हणे पोरीच्या तोंडात पुढेच एक खिडकी आणि एक काळा दात, लोक काय म्हणतील. मॅडम म्हणाल्या, कीड थांबली की वरून दातरंगी भरता येईल, घाई नको. आतापर्यंत साडेचार हजार गेले, वर तीन सुट्ट्या.

आता एक कबुली. पहिल्या पोस्टमध्ये बाटलीचं असं लिहिलं की वाचणाऱ्याला वाटावं आईच देते. आईने मॅडमना काय सांगितलं ते मला नंतर कळलं: झोपताना ती एकच बाटली देते, दहाला. मधल्या रात्रीच्या दोन मी देतो. पावणेबाराला येतो, चिमीला चाहूल लागते, उठते, आणि मला झोपायचं असतं. डब्यातून साखर घालून बाटली भरून हातात दिली की पाच मिनिटांत शांत. पहाटे पुन्हा. दीड वर्ष हे मीच केलं. आईने मॅडमना सांगताना माझं नाव घेतलं नाही, "रात्री लागती तिला" एवढंच म्हणाली. मॅडमनी विचारलं, कोण देतं? तेव्हा म्हणाली, "दमून येतो तो."

पाणी वाढवायची युक्ती चालली. तेरा नाही, एकोणीस दिवस लागले, कारण मधे एका रात्री मी माघार घेतली. आता येताना बूट बाहेर काढतो आणि मोरीचा दिवाही लावत नाही.

रात्रीचं घासणं आईकडे आहे. मी घरी असलो तर पाय धरतो, नाहीतर बायको. आई डोक्याकडे. पेस्ट काढायला तिने स्वतःच डब्यातून तांदळाचा दाणा आणून शेजारी ठेवला, मापाला. आमच्याकडे इंद्रायणी आहे, आंबेमोहोर नाही, चालेल असं धरतो. मशेरी सुटलेली नाही. फळीवर गेलीय, आणि ती आता मागच्या दारी जाऊन लावते. चिमी तिला शोधत जाते, हा नवा ताप.

विचारायचं हे होतं. बुधवारी जुन्नरला मामेभावाचं लग्न, तीन दिवस मुक्काम. मांडवात जिलबी, थंड पेयं, आणि येणारी प्रत्येक आत्या हातात चॉकलेट घेऊन येणार. सतरा जणांना नाही म्हणता येत नाही. एवढं जमवलेलं तीन दिवसांत मोडेल का?


चौथी_दाढ
शनिवार, रात्री ८:४५

मोडत नाही. जिलबी पंगतीतच खाऊ द्या, जेवणाबरोबर, पोटभर. चॉकलेटं घेऊन पिशवीत टाका, "उद्या जेवल्यावर" म्हणा. निम्मी ती विसरते. थंड पेय दिवसभर घोट घोट पीत फिरणं तेवढं टाळा, जिलबीपेक्षा ते वाईट. रात्री कितीही उशीर झाला, गाद्या घातलेल्या खोलीत सगळे झोपलेले असले, तरी घासल्याशिवाय झोपवू नका. सकाळचं राहिलं तर राहू दे. इंद्रायणी चालेल.

काळ्या दाताबद्दल कुणी विचारलं तर त्यांच्याच नातवंडांचा ओठ वर करून बघा म्हणावं.


निवृत्त_बाई
शनिवार, रात्री ९:१०

ब्रश तुमच्या पिशवीत ठेवू नका. आजीच्या पिशवीत द्या.


दुसरी_पाळी
मंगळवार, रात्री ११:५५

दिला. आईच्या पिशवीत मशेरीची डबी आधीच होती. ब्रश वेगळ्या रुमालात बांधून दिला, आणि सोबत पुडीत चार दाणे तांदूळ. आई म्हणाली, लग्नघरात तांदूळ मिळत नाय व्हय रं?